आधी भावोजी आत जातात

मुक्काम व्हॅन,
३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसता हो-हं करतो अशी तुझी तक्रार, म्हणून हे पत्र. शिवाय इथे रेंजच्या नावाने बोंब आहे. शरीराच्या आतले फोटो काढणारं यंत्र घेऊन आमची व्हॅन सध्या एका दोन खोल्यांच्या दवाखान्यासमोर उभी आहे.

त्या बोगद्यात आडवं व्हायचं म्हटलं की धडधाकट माणसांचेही हातपाय गळतात. मग आमचा हुकमाचा एक्का पुढे होतो, म्हणजे व्हॅनचा ड्रायव्हर, तुझा नवरा. व्हॅन लावून झाली की किल्ल्या, पट्टा, नाणी माझ्या हातात देऊन भावोजी ऐटीत फळीवर आडवे होतात, आत जातात, बाहेर येतात आणि दोन्ही हात वर करून सांगतात की बघा, जसा गेलो तसा आलो. लोक हसतात, रांग लागते. प्रत्येक गावात हाच खेळ. नाटकात गेले असते तर नाव काढलं असतं.

तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
ढापण्या

घरून,
९ जून

चि. ढापण्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून पोटभर हसले. खरं सांगू, मधे मी घाबरले होते. हे सुट्टीवर आले की सकाळी उठल्या उठल्या डोकं धरून बसतात. दोनदा उलटी झाली. मागच्या महिन्यात तर चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेरच ठेवला आणि फुटल्यावर माझ्यावरच खेकसले. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, मी सारखा त्या यंत्रात जातोय, तुझा भाऊ काचेपलीकडे बसून सगळं बघतोय, काही असतं तर त्याने सांगितलं नसतं का?

मला ते पटलं. एवढी तपासणी मंत्र्यांचीही होत नसेल! तेव्हापासून मी निर्धास्त आहे, नुसता बाम चोळून देते. तू आहेस म्हणून हो.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद पाठीशी आहेतच.

तुझी ताई

मुक्काम व्हॅन,
१३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ताई, मी काहीच बघत नव्हतो. भावोजींचा फोटो आम्ही कधी काढलाच नाही. लोकांची भीती मोडावी म्हणून नुसती फळी आत सरकवतो, दिवा-पंखा लावतो आणि बाहेर ओढतो. हे त्यांना ठाऊक आहे असं मी धरून चाललो. मी बघतोय असं ते धरून चालले.

त्यांना सांगितलं तर आधी हसले, मग माझा चेहरा बघून स्वतःच दवाखान्याकडे चालू लागले. इथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि मी पहिल्यांदा त्यांचा खरा फोटो काढला. पडद्यावर चित्र उमटलं. डोक्यात, उजव्या बाजूला मागे, लिंबाएवढी गाठ. इथल्या डॉक्टरांनी कळवल्यावर मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणतात, काढता येईल, पण आता एक दिवसही घालवू नका, जिवावर बेतेल.

औषधांची जीप निघतेय. तिच्यातून भावोजींना पाठवतोय, आमच्या व्हॅनवरच्या नर्सबाई सोबत आहेत. हे पत्र भावोजींच्याच हाती देतोय. वाचलंस की तशीच त्यांना मोठ्या इस्पितळात ने.

लोभ ठेवशील का, हे विचारायची हिंमत नाही.

ढापण्या

इस्पितळातून,
२६ जून

चि. ढापण्यास,
अ. उ. आ.

पत्र यांनीच हातात दिलं, वर मिश्किल हसून. वाचता वाचता मी किंचाळले म्हणे, शेजारीण धावत आली. मला काहीच आठवत नाही. तुझा राग आला, खूप आला. यांचा त्याहून जास्त. आणि माझा सगळ्यांत जास्त. समोर कप हवेत ठेवणारा माणूस, आणि मी बाम चोळत बसले!

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जिवावरचा धोका टळला. शुद्धीवर आल्यावर यांनी दोन्ही हात वर करायचा प्रयत्न केला. उजवा गेला, डावा उठला नाही. उठेल, असं डॉक्टर म्हणतात. जसा गेलो, एवढंच म्हणाले आणि थांबले.

काल नर्सबाई आल्या होत्या. यंत्रानेच ड्रायव्हरच्या डोक्यात गाठ घातली अशी आवई उठलीय आणि कुणी व्हॅनजवळ फिरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. ते यांना फार लागलं. म्हणून सोमवारी मी येतेय, यांनीच पिटाळलंय. इथे नणंद थांबेल. कानातलं, बांगड्या तुझ्या हातात देईन आणि सगळ्यांसमोर आधी मी आडवी होईन. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू?

एकच अट आहे. नुसती फळी सरकवायची नाही. मी आत असेन तेव्हा तू खरंच बघायचं.

लोभ आहे रे वेड्या, तो कुठे जातोय?

तुझी ताई