जरा वास घे गं

अण्णा, मंगळवारी आपल्या गॅरेजात पुन्हा एकदा आग लागता लागता राहिली, आणि मला ते कळलंसुद्धा नव्हतं. रॅलीत गाडी चालवणारी एक बाई आली होती, गंगापूर रोडची. तिच्या गाडीच्या इंजिनाला पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर बसवले होते आणि आता पेट्रोलचं प्रेशर जुळवायचं होतं. तुम्ही शिकवलं तसंच सगळं केलं. मीटर जोडला, इंजिन गरम होऊ दिलं, प्रेशरच्या रेग्युलेटरवरची हवेची बारीक नळी काढून तिच्या तोंडात बोल्ट खुपसला, नट सैल केला आणि स्क्रू अगदी थोडाथोडा फिरवत काटा वर आणला. मग सवयीप्रमाणे वाकून एकेका जोडावरून नाक फिरवलं आणि म्हणाले, "सगळं ओके आहे." बॉनेटच्या पलीकडून ती म्हणाली, "ताई, पेट्रोलचा वास येतोय. केवढा येतोय अहो!" मी झटकन किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. इंजेक्टरकडे जाणाऱ्या पाइपाचा जोड ओला होता आणि थेंब पडत होते ते तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपापासून चार बोटांवर. "सर्दी झालीय मला," असं तिला सांगितलं. सर्दी वगैरे काही नाही, अण्णा. कोरोनाच्या साथीत ताप आला आणि वास गेला. घरात सगळ्यांचा परत आला, माझा आला नाही, आणि हे घरात कुणाला माहीत नाही.

काट्याआधी नाकाचं ऐकायचं, असं तुम्ही म्हणायचात. पंप चालू असला की थेंबभर गळतीने काटा हलत नाही, नाकाला मात्र ती लगेच कळते. एकलहऱ्याच्या रस्त्यावरच्या गॅरेजांत तेव्हा कुणाची मुलगी बॉनेटखाली वाकलेली दिसायची नाही. मी कॉलेजातून आले की तुम्ही हाक मारायचात, "ए, इकडे ये. जरा वास घे गं." मी दप्तर खाली ठेवून जोडांवरून नाक फिरवायचे आणि तुम्ही गिऱ्हाईकाला सांगायचात, "हिचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे." गिऱ्हाईक हसायचं. मी मात्र फुगून जायचे. तुम्ही मला तुमची विद्या देताय असं मला वाटायचं. आजवर तेच वाटत होतं.

तुम्ही भाजलात त्या दिवशी माझा पेपर होता. मी आले तेव्हा लोकांनी माती टाकून आग विझवली होती आणि तुम्हाला दवाखान्यात नेलं होतं. गाडी तशीच उभी होती, इंजिन चालू ठेवून तुम्ही प्रेशर लावत होतात, मीटर अजून पाइपाला लटकत होता. शेजारचा टायरवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "पिलेला असंल. नाय तर एवढ्या वासात कोण उभं राहील?" आई त्याच्या अंगावर धावून गेली, "त्यांनी कधी थेंब घेतला नाय, तुझी जीभ झडो!" पुढे तिने भांडणं सोडलं, त्या रस्त्याने जाणंच सोडलं. दवाखान्यात तुम्ही पहिल्या दिवशी बोलत होतात. मी विचारलं, "अण्णा, वास नाही आला?" तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. मला वाटलं, टायरवाला खरं बोलतोय. त्यानंतर तुम्ही न बोलताच गेलात आणि मी तुमच्यावर रागावलेलीच राहिले. तुमचा फोटो पुसतानासुद्धा रागावलेली असायचे.

मंगळवारी ती बाई गेल्यावर मी स्टुलावर बसले आणि एकदम ते दूध आठवलं. आई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती आणि तुम्हाला दुधाकडे बघायला सांगून गेली होती. तुम्ही गॅसच्या बाजूलाच पेपर धरून पाठमोरे बसला होतात. दूध उतू गेलं, जळलं, मी बाहेरून आले तर घरभर करपट वास. आई धावत खाली आली. "अहो, नाकाला काय झालंय तुमच्या?" तुम्ही हसून म्हणालात, "पेपरात लक्ष होतं गं." चष्मा तुमच्या खिशात होता, अण्णा. तो मी तेव्हाही पाहिला होता. आणि मला हाका मारायला तुम्ही त्यानंतरच सुरुवात केलीत. इतकी वर्षं ज्या नाकाचा मी तोरा मिरवला, ते तुम्ही रोज माझ्याकडून उसनं घेत होतात. आणि माझ्या परीक्षेच्या पेपरच्या दिवशी ते गॅरेजात नव्हतं.

सांगितलं का नाहीत? उत्तर मला पाठ आहे. नाक गेलेल्या मेकॅनिककडे कोण गाडी आणेल, आणि हे काम सोडून आपल्याला दुसरं येतं काय? मंगळवारचा जोड मी बदलला आहे, पण प्रेशर पुन्हा लावायचं राहिलंय. शनिवारी ती बाई गाडी न्यायला येणार, आणि तिच्यासमोर लावून दाखवते असं मी कबूल केलंय. काल एक दुसरी गाडी होती. माझी लेक कॉलेजातून आली तशी मी हाक मारली, "ए, जरा वास घे गं." ती बॅग टाकून धावत आली. दोन जोड तपासले आणि माझ्याकडे अशी बघून हसली की मला तोंड फिरवावं लागलं. गेले कित्येक महिने मी तिला अशीच बोलावते आणि गिऱ्हाइकांना सांगते की हिचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे.

शनिवारी लेकीचा पेपर आहे. ती आत अभ्यास करतेय. तिला सगळं सांगायचं म्हणून मी घरी आले होते, दारापर्यंत गेले, आणि मग इथे बसून तुम्हाला लिहीत राहिले.