चौदाव्या प्रकरणापाशी

माले, ता. मुळशी
बुधवार, ८ जानेवारी २०२५

प्रिय फहमिदा,

तुला, अम्मींना आणि लेक मन्तशाला सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. भात घरात आलं, खाचरात आता वाल फुलोऱ्यावर आहे. दिशा बारावीला आहे आणि मला शहाणपण शिकवते.

तुझा नंबर माझ्याकडे आहे, तरी पत्र लिहितेय. फोनवर मी दुसऱ्याच वाक्याला पळ काढला असता.

मागच्या सोमवारी तुझ्या दुकानात अस्तर घ्यायला आले होते. दर वेळी तू कापड फाडतेस, मी पिशवी पुढे करते आणि आपण गिऱ्हाईक-दुकानदार होऊन सुटतो. या वेळी पिशवीतून कादंबरी डोकावली. तू ती ओळखलीस. "कितव्या प्रकरणाला आलीस?" एवढंच विचारलंस, आणि मी अस्तर तिथेच टाकून बाहेर पडले.

त्याचं असं झालं, की एकेचाळिसाव्या वर्षी मी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलंय. पौडच्या केंद्रात मॅडम दर रविवारी एकेका प्रकरणावर प्रश्नमंजुषा घेतात. पुस्तक तेच, आपण अकरावीत मिळून वाचायचो ते. चौदाव्यापर्यंत माझा एकही प्रश्न चुकला नाही. बाकीच्या बायका मला भलतीच हुशार समजतात. त्यांना काय माहीत, तू समासात पेन्सिलीने प्रश्न लिहायचीस, मी खाली उत्तरं, आणि ते सगळं मला अजून पाठ आहे.

येत्या रविवारी पंधरावं. दिशा माझी तयारी घ्यायला बसली, पण मी पान उलटेना. ती म्हणाली, "आई, चौदापर्यंत तोंडपाठ अन् पुढं कोरी पाटी, हे कसं काय?" मग तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "मला सांगून काय होणार? फहमिदामावशीला सांग," म्हणाली.

म्हणून सांगते.

ग्रंथालयाचं ते पुस्तक मी ढापलं, असं तुला वाटत असेल. ते जळलं, फहमिदा. आमच्या आबांना गोष्टीचं पुस्तक दिसलं की राग यायचा. म्हणून भाताच्या रोपासाठी राब भाजायला रचलेल्या पाल्याच्या ढिगात मी ते लपवायचे आणि गुरांना पाणी दाखवून आले की दोन पानं वाचायचे. एक दिवस कॉलेजातून आले, तर आबांनी ढीग रोपाच्या वाफ्यावर पसरून पेटवलाही होता. मी बांधावर उभी राहिले. आबा खुशीत म्हणाले, "यंदा राब लई झ्याक भाजलाय."

पुस्तक तुझ्या कार्डावर काढलेलं होतं, कारण माझ्या कार्डावर गाईडं होती. ते परत आलं नाही, तेव्हा सरांनी तुला सगळ्या वर्गासमोर उभं केलं. तू माझ्याकडे बघितलंस, मी बाकाकडे. "हरवलं माझ्याकडनं," म्हणालीस आणि कार्ड टेबलावर ठेवून गेलीस. पुन्हा ग्रंथालयाची पायरी चढली नाहीस. मराठीची शिक्षिका व्हायचं होतं तुला, आणि बारावीनंतर तू मराठीच सोडलंस.

आबा कॉलेज बंद करतील, ही माझी भीती. त्यांनी पुढच्याच वर्षी माझं लग्न लावून दिलं, म्हणजे भिऊन काही राखलंही नाही. पुस्तक चुकून जळलं, पण गप्प मी जाणूनबुजून बसले. त्याची मला फार लाज वाटते.

त्या पुस्तकातली चंद्राबाई अजून कडीला हात लावून दारात उभी आहे. ती घर सोडते की नाही, मला आजही माहीत नाही. नवी प्रत आणली, तरी तुझ्याशिवाय पुढे वाचायचं माझ्याच्याने झालं नाही.

पंधराव्यापासून प्रश्नमंजुषा जोडीने आहे. केंद्राबाहेरचं माणूस आणलं तरी चालेल, असं मॅडम म्हणाल्या. त्यांना पुस्तकाचं सगळं सांगितलंय. रविवारी दहा वाजता, सुरुवातीलाच, मी ते वर्गासमोर उभी राहून सांगणार आहे. तू आलीस तरी आणि न आलीस तरी.

शनिवारी दुपारी अस्तर न्यायला येईन. पुस्तक पिशवीत असेल. बोलायचं नसेल तर नुसतं अस्तर दे, मी समजेन. बोलावंसं वाटलं, तर पंधराव्यातला पहिला प्रश्न विचार. उत्तर येणार नाही मला, पण या वेळी मी पळणार नाही.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच होतं. चौदाव्या.

तिथेच थांबलेली तुझी,
गौतमी