ताईच्या ग्राफवरची पट्टी

शनिवार संध्याकाळ, करी रोड

आज ताईच्या ग्राफवरची पट्टी निघाली. बी मेसॉन नावाचा जड कण क्षणात फुटतो, आणि त्याच्या तुकड्यांवरून तो कसा फुटला हे ती शोधते. फुटायची एक फार दुर्मीळ तऱ्हा आहे, ती दिसते का, यावर तिची पीएचडी. पण ग्राफवर उत्तर जिथे दिसेल तेवढाच भाग या संशोधनात मुद्दाम पट्टीने झाकून ठेवतात. पद्धत पक्की होईपर्यंत बघायचं नाही आणि बघितल्यावर पद्धत बदलायची नाही. नाहीतर माणूस आपल्याला हवं तेच शोधून काढतो म्हणे.

मी कितीदा म्हटलं, "जरा सरकव ना, कोणाला कळणारे?"

"मला," ती म्हणायची.

आज पण म्हटलं. बांगडे तळता तळता आई म्हणाली, "ह्येका पिक्चरचो शेवट पण आधी व्हयो."

मग ताईने पट्टी काढली. ती तऱ्हा सापडली असती तर खाली उंचवटा दिसला असता. सगळं सपाट. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो.

"नाहीये," ती म्हणाली. "आता नाहीये हे नीट लिहायचं. आई, अजून एक बांगडा वाढ."

खरंच खूश होती. का? बहुतेक तिने मधे कुठेच हात घातला नव्हता म्हणून.

मी तिच्यावर गोष्ट लिहितोय. त्यात ती पट्टी मी कधीच काढून टाकली होती. खाली हा मोठा उंचवटा, वर टाळ्या. जेवल्यावर ते पान फाडलं. गोष्ट आता दुसऱ्या बांगड्यापर्यंत आलीय. पुढचं मलाच माहीत नाही, आणि बरं वाटतंय.