मृगातला तेजोमेघ आणि विमलाबाईंचा हॅलोजन

सदाशिव पेठ, पुणे
फेब्रुवारीतला एक रविवार

तीर्थस्वरूप द्वारकाआत्या हिस आमोदचा साष्टांग नमस्कार.

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो, कारण बरी नसती तर तुझा फोन आला असता. इकडे मी आणि ऋचा खुशाल आहोत. (ऋचा मध्यंतरी माझ्याशी बोलत नव्हती, आता बोलते. कारण खाली येईलच.) पत्र अशासाठी, की फोनवर सांगायला लागलो की तू मध्येच "जेवलास का?" विचारतेस आणि विषय आमटीवर जातो.

तर, बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक हास्यक्लबात जातात, मी दुर्बीण घेतली. आकाशात वायूचे आणि धुळीचे अवाढव्य ढग असतात, त्यांना तेजोमेघ म्हणतात. मृग नक्षत्रात बाणाच्या जरा खाली असाच एक आहे. दुर्बिणीला कॅमेरा लावायचा, दोन्ही मिळून ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरणाऱ्या मोटरवर बसवायचं, आणि खूपसे फोटो काढून एकमेकांवर रचायचे, की तो दिसतो म्हणे. माझ्या फोटोत नुसतं पिवळं आलं. वरणासारखं.

दोष आमच्या गच्चीवरच्या हॅलोजनचा. तो पाण्याच्या टाकीवर विमलाबाईंच्या आग्रहाने बसवला आहे. विमलाबाई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचा जन्म प्रसूतिगृहात मेट्रन म्हणून गेला. निम्म्या पेठेला त्यांनी उलटं धरून रडवलेलं असल्यामुळे त्यांच्यापुढे सहसा कोणी तोंड उघडत नाही. त्या जेवणानंतर गच्चीवर शतपावली घालतात, तेवढा अर्धा तास सोडून दिवा बंद ठेवावा, अशी मी अदबीने विनंती केली. त्या म्हणाल्या, "अंधारात कोणी पडलं, तर तुमचे तारे येणार आहेत का हाड जोडायला?"

मग मी शिडी लावून हॅलोजनवर घरातली दुलई टाकली. (ऋचाच्या आईने हाताने शिवलेली. अबोल्याचं कारण ते.) हॅलोजन इतका तापतो हे मला ठाऊक नव्हतं. दुलई करपायला लागली, वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला आणि विमलाबाई बादली घेऊन वर आल्या. पाणी निम्मं दुलईवर पडलं, निम्मं माझ्यावर. दुर्बीण वाचली, कारण मी तिला मिठी मारली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवरच सोसायटीची मीटिंग भरली. आगीचा विषय होताच, शिवाय ही नळी लोकांच्या खिडक्यांत बघते, अशीही तक्रार. (ती आभाळाकडे तोंड करून समोरच उभी होती.) सेक्रेटरी संजयराव म्हणाले, उद्यापासून दुर्बीण गच्चीवर नको. आत्या, खरं सांगतो, जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी नीट बघायची होती. मी म्हटलं, "उतरवतो, पण आधी सगळ्यांनी एकदा बघून घ्या."

संजयरावांनी बघितलं. "हे नेटवर रंगीत मिळतं," म्हणाले. मग विमलाबाई वाकल्या. त्या बराच वेळ उठेचनात.

"हे धुरकट काय आहे?"

"तिथे तारे जन्माला येतात. मधले चार बारीक ठिपके अगदी नुकतेच झालेत."

"नुकतेच म्हणजे कधी?"

"असतील दहाएक लाख वर्षं."

"म्हणजे अजून नाळही वाळली नसेल," असं म्हणून त्या सरळ उभ्या राहिल्या आणि सेक्रेटरींकडे वळल्या. "संजय, तो दिवा बंद कर. बाळंतिणीच्या खोलीत असा झगझगाट करतात का?"

संजयराव त्यांच्याच हातावर जन्मलेले. दिवा बंद झाला. दुर्बिणीला कोणी हात लावायचा नाही, असंही ठरलं. चार दिवसांत माझ्या फोटोत तेजोमेघ आला, गुलाबी, पंख पसरलेल्या पाखरासारखा. सोबत पाठवतोय. ऋचाने तो बघितला आणि म्हणाली, "दुलई गेली ती गेली." तेव्हापासून बोलते.

थोरामोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि तुला पुन्हा एकदा नमस्कार.

तुझा,
आमोद

ता.क. : खरं काम लिहायचं राहिलं. हल्ली रोज संध्याकाळी विमलाबाई माझ्या खुर्चीवर, दुर्बिणीशी असतात. पेठेतून बायका "बाळं" बघायला येतात. "लांबून बघा, बाळांना आपला श्वास लागतो," असं सांगून त्या प्रत्येकीला एकेक नजर टाकू देतात. माझी पाळी येते तेव्हा मृग शेजारच्या बिल्डिंगमागे गेलेला असतो. तुमच्या गावात अंधार चांगला आहे. येत्या अमावास्येला दुर्बीण घेऊन चार दिवस तुझ्या गच्चीवर गुपचूप येऊ का? इकडे कोणाला कळू देऊ नकोस.

आत्या, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी. सोबतचा फोटो विमलाबाईंनी काढलेला आहे. यांचा चष्म्याचा नंबर वाढलाय, ते कबूल करत नाहीत, म्हणून फोकस त्या लावतात. अमावास्येला आम्ही तिघं येतोय. गाडी मी चालवणार, पुढे विमलाबाई बसणार, आणि हे मागे, दुर्बीण मांडीवर घेऊन. विमलाबाईंना रात्री फक्त भाकरी चालते. — ऋचा