झोपलेलं गवत

अल ऐन, यूएई, ऑक्टोबर अखेर

प्रिय पप्पा,

जय ख्रिस्त. मी मजेत आहे. उन्हात फार वेळ उभी राहत नाही, हे मम्मीला आवर्जून सांगा.

आमच्या हॉटेलच्या अंगणात, भिंतीच्या सावलीत, थंडीच्या देशातलं मऊ गवत लावलंय. जुलैत ते पार तांबूस पडलं. मॅनेजर म्हणाला, "लॅरिसा, खलास! निकालके फेंक दो." मी म्हटलं, "सर, मरा नहीं है, सोया है."

खत बंद केलं, कारण अशा उन्हात त्याला वाढायला लावलं तर ते खरंच मरतं. कापायच्या मशीनचं पातं वर घेतलं, म्हणजे मुळांवर सावली राहते. पाणी फक्त पहाटे, पण मुळांपर्यंत पोचेल असं. तुम्ही वाडीतल्या बावखलातून पाणी उपसून केळींना देता ना, अगदी तसं.

काय चिवट असतं हो ते! वरून सगळं वाळलं, तरी बुडाशी जीव धरून होतं. काल वाकून पाहिलं, तर हिरवे कोंब! मॅनेजर फोटो काढत सुटलाय.

आपला धाकटा सिरिल फोनवर सांगत होता, बायपास झाल्यापासून तुम्ही ओट्यावर बसून "मी आता काही कामाचा नाही" म्हणता. पप्पा, केळींना पाणी तो देईल. तुम्ही सध्या झोपलेलं गवत आहात. मॅनेजरने ऐकलं माझं, आता तुम्ही ऐका.

तुमच्याच वाडीत शिकलेली,
लॅरिसा