हिरवी अंबाडी

शिरपूर, ता. ९ एप्रिल १९३८

ती. गं. भा. तानुअक्कांस पुष्पाचा सा. न. वि. वि.

ओसरीवर आपण दोघी अंबाडीचा वाख, सालीचे ते लांब धागे, विंचरत बसायचो, ते आठवते का? मला शिंका येत आणि तुम्ही म्हणत, की मडम, ही कॉन्व्हेंटातली लेस नव्हे, जोराने ओढा. पावसाचे छपरावरचे पाणी टाक्यात पडण्याआधी तुमच्या मडक्यातून जाई. बुडाला भोके, त्यावर वाख, वर कोळसा आणि वाळू. किती नितळ उतरे!

ज्या श्रावणात टाके नासले, त्या श्रावणात तुम्ही चार दिवस पद्मालयाच्या गणपतीला गेला होतात. वाख उन्हात घालायला मला सांगून गेलात. मी पुस्तकात रमले आणि तो पावसात भिजून कुजला. तुम्ही रागवाल म्हणून मी बांधावरच्या हिरव्या अंबाडीची साल सोलून मडक्यात कोंबली. ती आधी नदीत मुरवून, धुऊन, वाळवावी लागते, हे ठाऊक असून. दहा दिवसांत टाक्याला घाण सुटली. सासूबाई, तुमची सख्खी आई, दारात उभ्या राहून म्हणाल्या, की विधवेचा हात लागला म्हणून बठ्ठं पाणी, अख्खं टाकं नासलं. तुम्ही बोलला नाहीत, मीही नाही. दिवाळीआधी तुम्ही एरंडोलला दिरांकडे राहायला गेलात. त्याला सत्तावीस वर्षे झाली.

चूक माझी होती, अक्का. या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी याल का?

तुमच्या मायेची भुकेली,
पुष्पा

एरंडोल, ता. १६ एप्रिल

चि. सौ. पुष्पास अनेक आशीर्वाद.

एवढे लिहायला शिकलेल्या बाईला सत्तावीस वर्षे लागली. मी चार अक्षरांची, पण पत्र मिळाल्या दिवशीच लिहायला बसले. टाके उपसताना मडके मीच रिकामे केले होते. हिरवी साल हाताला लागली तेव्हाच कळले. तुला पहिल्यांदाच दिवस गेले होते, आईने तुला माहेरी हाकलले असते. म्हणून ती साल मी उकिरड्यात पुरली. त्याचा राग केव्हाच गेला.

पण एक गोष्ट तू लिहिली नाहीस. आई शेवटच्या घटकेला होती तेव्हा मी आले होते. मी पाणी पुढे केले आणि तिने तोंड फिरवले. तू माझ्या हातातून फुलपात्र घेतलेस आणि तिला पाजलेस. तेव्हा एक शब्द बोलली असतीस, तर ती माझ्या हातचा घोट घेऊन गेली असती. माझ्या भावाला, निंबाला, यातले काही माहीत आहे का? नसेल, तर मी त्या घरात कोणत्या तोंडाने येऊ?

मुलांना जप. मायेत अंतर नाही.

तानु

शिरपूर, ता. २४ एप्रिल

ती. तानुअक्कांस सा. न.

ते लिहायला हात वळला नाही. काल पंगतीत सर्वांसमोर दोन्ही गोष्टी सांगितल्या. ह्यांचा घास हातातच राहिला. माय तशीच गेली, एवढेच म्हणाले आणि ताटावरून उठले. शेजारच्या धापूबाईंनाही सांगितले, म्हणजे गल्लीत वेगळे सांगायला नको.

आमचा थोरला झुलाल गाडी घेऊन येत आहे. येणे न येणे तुमच्या मनावर. लोभ मागायचा हक्क मला उरला नाही.

टाक्याच्या झाकणाची किल्ली त्याच्याजवळ आहे, ती तुमची. सासूबाईंच्या पाटल्या मी घातल्या, त्या लेकीच्या हक्काच्या होत्या, त्याही घ्याव्यात. नवा वाख सूनबाईने तुमच्या हातून घ्यावा. आखाजीला सासूबाईंच्या नावाची, पितरांच्या पाण्याची घागर तुम्हीच भरावी. नाही आलात, तर ती रिकामी राहील, मी भरणार नाही.

पुष्पा