ते वाक्य माझं होतं

प्रिय दर्शना,

सहा वर्षांनी माझं पत्र बघून कपाळाला आठ्या पडतील तुझ्या. पडू देत. लग्न होऊन अँटॉप हिलला गेल्यापासून तू लालबागला माझ्याकडे एकदाही आली नाहीस, आणि मी सगळ्यांना 'संसारात रमलीय' असं सांगत राहिले.

आपल्या चाळीत इंग्रजी अर्ज म्हटला की मीनाक्षी! बँकेपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळे माझ्या दारात. मलाही भाव खायला आवडायचं, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी तूही आलीस. साहेब अंगचटीला येतो म्हणून तू ऑफिसात तक्रार दिली होतीस, चार महिन्यांच्या तारखा टिपून. तिची प्रत तू माझ्यापुढे ठेवलीस. ऑफिसने लेखी उत्तर मागितलं होतं, आणि 'मी तक्रारीवर ठाम आहे' एवढंच तुला इंग्रजीत हवं होतं.

मी तुझ्या नावाने लिहिलं, तक्रार म्हणजे माझी 'नी-जर्क रिॲक्शन' होती. डॉक्टरने गुडघ्यावर हातोडी मारली की पाय आपोआप उडतो ना, तसं विचार न करता झटक्यात केलेलं काहीतरी. शब्दप्रयोग चोख, मधली छोटी रेघसुद्धा जागच्या जागी. गोष्ट मात्र धादांत खोटी. सही करताना तू विचारलंस, "बरोबर लिहिलंयस ना गो?" मी मान डोलावली.

तुझी नोकरी वाचावी म्हणून तसं केलं, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. खरं कारण माझा भाऊ. राजेश त्याच साहेबाच्या हाताखाली होता आणि त्याची कायम होण्याची ऑर्डर अडली होती. ती आली. महिन्याभरात तू राजीनामा दिलास. आईने पेढे वाटले, तुमच्याही घरी दिले.

परवा तळमजल्यावरची प्राची आली. तेच ऑफिस, तोच साहेब, तीच तक्रार. मुली उतावीळपणे आरोप करतात, याचा पुरावा म्हणून त्याने तुझं पत्र चौकशी समितीपुढे ठेवलंय. त्याला उत्तर लिहून दे, म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

शुक्रवारी मी समितीला सांगणार आहे, ते वाक्य माझं, तुला फसवून घातलेलं. राजेशला कालच सांगितलं. तो माझ्याशी बोलत नाहीये. तुझी माफी मागायला तोंड नाही, तरी मागते. तुझ्या तक्रारीची ती प्रत अजून माझ्या कपाटात आहे. समितीला देऊ का? नको म्हणालीस तर तुझ्या घरी आणून देईन. उत्तर मात्र तुझ्या हातानं लिही. यावेळी मी त्यातला शब्दही बदलणार नाही.

'तुझीच' लिहायचा हक्क गमावलेली,
मीनाक्षी